शिक्षणशास्त्र विभाग, एम.एड. आणि पीएच.डी. : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात शिकवणाऱ्यांच्या टपालात वर्षभर जवळजवळ तेच प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांची नावे तेवढी बदलतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना महाराष्ट्रातील विद्यापीठे नजरेसमोर ठेवली आहेत, मात्र राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) यांचे नियम सगळ्या देशाला लागू असतात. एकच माहिती दोन ठिकाणी येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि बी.एड. कॉलेज यांत नेमका फरक काय?

बी.एड. महाविद्यालय शाळेसाठी शिक्षक तयार करते. विद्यापीठाचा विभाग त्या शिक्षकांना शिकवणारे अध्यापक तयार करतो आणि शिकणे, शिकवणे, परीक्षा, अभ्यासक्रम, शाळेचे प्रशासन या सगळ्यांवर संशोधन करतो. काही विभागांत बी.एड.ही चालते, पण त्यांची ओळख एम.एड. आणि पीएच.डी. यांमुळे असते.

एक उदाहरण घेऊ. पाचवीच्या वर्गात छात्राध्यापिकेने फळ्यावर १/३ आणि १/४ लिहिले आणि मोठा अपूर्णांक कोणता, असे विचारले. अर्ध्या वर्गाने १/४ म्हटले, कारण चार हा तिनापेक्षा मोठा. बी.एड.मध्ये या ठिकाणचा प्रश्न असा असतो की, उद्याच्या तासाला कागदाची घडी घालून हे कसे दाखवायचे? विभागातला प्रश्न वेगळा असतो : ही चूक मुले का करतात, पूर्ण संख्यांचा नियम अपूर्णांकांना लावण्याची सवय कोणत्या इयत्तेपर्यंत टिकते आणि पाठ्यपुस्तकातील मांडणी तिला खतपाणी घालते का? पहिल्या प्रश्नाशिवाय दुसरा पोकळ ठरतो आणि दुसऱ्याशिवाय पहिला नुसता हातखंडा होऊन बसतो.

भारतात ही परंपरा मुंबईतून सुरू झाली. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. पदवी सुरू केली आणि शिक्षणशास्त्रातील पहिली पीएच.डी. १९४३ मध्ये दिली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापक शिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून तुटलेले असल्याचे नोंदवले आणि निवडक विद्यापीठांत इतर विद्याशाखांच्या सहकार्याने चालणारी शिक्षणशास्त्राची केंद्रे काढावीत, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. आयोगाने दाखवलेली ती तूट अजून पुरती भरलेली नाही. अनेक आवारांत गणित विभाग आणि शिक्षणशास्त्र विभाग शेजारी असूनही वर्षानुवर्षे एकमेकांकडे चहालासुद्धा जात नाहीत.

२. बी.एड., एम.एड., एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि पीएच.डी. यांपैकी मी काय करावे?

शाळेत सहावीपासून पुढच्या वर्गांना शिकवायचे असेल तर बी.एड. करावे (पहिली ते पाचवीसाठी प्रश्न ९ पाहा). अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.एड., पण त्यासोबत आणखी एक पदव्युत्तर पदवी लागते (प्रश्न १२ पाहा). स्वयंसेवी संस्था, अभ्यासक्रम निर्मिती, धोरणविषयक अभ्यास किंवा मूल्यमापन या क्षेत्रांत काम करायचे असेल तर एम.ए. (शिक्षणशास्त्र) उपयोगी पडते. त्याला बी.एड.ची पूर्वअट बहुधा नसते, पण ती पदवी बी.एड.ची जागाही घेत नाही. एम.ए. झाले म्हणजे शाळेत नोकरी मिळेल, असे समजून दोन वर्षे घालवलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. पीएच.डी. मात्र एखादा प्रश्न खरोखर सतावत असेल तरच करावी.

३. बी.एड.साठी किमान पात्रता काय? मी इंजिनिअर आहे, मला प्रवेश मिळेल का?

एनसीटीईच्या २०१४ च्या विनियमांनुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा मानव्यशास्त्रे यांतील पदवी अथवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना सवलत असून राज्यात ही मर्यादा ४५ टक्के आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही दार उघडे आहे, मात्र पदवीत विज्ञान आणि गणिताचे विशेषीकरण आणि ५५ टक्के गुण हवेत. राज्यातील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीतून होतात. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयासाठी इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते, हे अनेकांना अर्जाची मुदत संपल्यावर कळते.

४. बी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते, ते दोन वर्षांचे का झाले? आता ते पुन्हा एक वर्षाचे होणार असेल तर थांबू का?

याचे मूळ महाराष्ट्रातच आहे. राज्यातील २९१ डी.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका) संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. अध्यापक शिक्षणाचा कालावधी आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभव दोन्ही वाढवावेत, असा त्याचा रोख होता. त्याला अनुसरून २०१४ चे विनियम आले आणि २०१५–१६ पासून बी.एड. आणि एम.एड. दोन्ही प्रत्येकी दोन वर्षांचे झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा विचार मांडला आहे, तर एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात एक वर्षाच्या बी.एड. आणि एम.एड.ची तरतूद होती. मसुद्याच्या भरवशावर प्रवेश पुढे ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांची पदवी असलेल्यांसाठी तर तो पर्याय मुळातच नाही.

५. मुलगी बारावीत आहे. आधी पदवी आणि मग बी.एड. करावे, की थेट चार वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा?

शिक्षकी पेशाचे ठाम ठरले असेल तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम (आयटेप) एक वर्ष वाचवतो. तो २०२३–२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला; प्रवेश राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या सामाईक परीक्षेतून होतो आणि बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. यांना जोडून बी.एड. मिळते. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे धोरणात म्हटले आहे. ठरलेले नसेल, तर अठराव्या वर्षी एवढी बांधिलकी लादू नये. आधी पदवी आणि मग बी.एड. हा रस्ता अजून खुला आहे.

६. छात्रसेवाकालात नेमके काय करावे लागते? ‘पाठ काढले की झाले’ असे सीनियर सांगतात.

सीनियरांचे सांगणे ऐकून पाठांची संख्या तेवढी भरते. नियमानुसार दोन वर्षांत मिळून एकूण २० आठवडे शाळेत घालवायचे असतात : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. या काळाची उपस्थिती ९० टक्के असावी लागते, तर इतर तासिका आणि प्रात्यक्षिकांसाठी ती ८० टक्के आहे. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण, सराव पाठ, सहाध्यायींच्या पाठांचे निरीक्षण, शाळेच्या नोंदवह्यांचा परिचय, परिपाठ, घटक चाचणी काढून तपासणे असे सगळे त्यात येते.

पण या आठवड्यांचे मोल टाचणाच्या वहीत दिसत नाही. एका छात्राध्यापकाचे टाचण अगदी नमुनेदार होते : उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन सगळे रकाने भरलेले. बाष्पीभवन शिकवून झाल्यावर त्याने विचारले, ‘‘समजलं का?’’ वर्गाने एका सुरात ‘‘हो’’ म्हटले आणि त्याने वहीत ‘उद्दिष्ट साध्य’ अशी नोंद केली. तास सुटल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाला मी विचारले, ओल्या फळ्यावरचे पाणी कुठे गेले? तो म्हणाला, ‘‘फळ्यानं पिलं.’’ दुसऱ्या दिवशी त्या छात्राध्यापकाने टाचण बाजूला ठेवले, एक ताटली आणि एक फळी पाण्याने ओली करून खिडकीत ठेवली आणि मुलांना दर दहा मिनिटांनी पाहायला लावले. धातूची ताटली पाणी पिणार नाही हे मुलांना माहीत होते, त्यामुळे वर्गात वाद सुरू झाला. निरीक्षणाच्या वहीत मी त्या तासाला शेरा लिहिला तो एवढाच : ‘‘आज शिकवले.’’

म्हणून छात्रसेवाकालासाठी शाळा निवडण्याची संधी असेल, तर घराजवळची निवडण्याऐवजी ज्या शाळेतील शिक्षक पाठ बसून पाहतात आणि नंतर बोलतात, ती निवडावी.

७. नोकरी सांभाळून बी.एड. किंवा एम.एड. करता येते का?

नियमित बी.एड. आणि एम.एड. पूर्णवेळ आहेत. वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला ३६ तास आणि प्रश्न ६ मध्ये दिलेली उपस्थिती, असे गणित नोकरीशी जुळत नाही. ‘‘फक्त परीक्षेला या’’ असे सांगणारी संस्था तुमच्यावर उपकार करीत नाही. पुढे पदवीची पडताळणी झाली की अडचण तुमची असते, संस्थेची नसते.

रीतसर मार्ग दोन आहेत. प्राथमिक शाळेत सेवेत असलेल्या आणि डी.एड. किंवा डी.एल.एड. (त्याच पदविकेचे नवे नाव) नियमित पद्धतीने पूर्ण केलेल्या शिक्षकांसाठी दूरस्थ बी.एड. आहे, महाराष्ट्रात ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून करता येते. दुसरा मार्ग अभ्यासरजेचा, आणि एम.एड.साठी बहुतेकांना तोच घ्यावा लागतो, कारण २०१४ च्या विनियमांत एम.एड.चा दूरस्थ प्रकार नाही.

८. माझे डी.एड. झाले आहे आणि पदवीही आहे, पण बी.एड. नाही. एम.एड. करता येईल का?

येईल. बी.एड., एकात्मिक बी.ए.–बी.एड. किंवा बी.एस्सी.–बी.एड. आणि बी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदवी) यांच्याबरोबरच पदवी आणि डी.एल.एड. असलेल्यांनाही एम.एड.साठी पात्र धरले आहे. दोन्हींत प्रत्येकी ५० टक्के गुण हवेत आणि प्रवेश एम.एड.च्या सीईटीतून होतो. ही तरतूद फारशी कोणाला माहीत नाही. वीस वर्षे पहिली-दुसरीला शिकवलेल्या बाईंनी एम.एड.च्या वर्गात वाचन शिकवण्याबद्दल बोलावे आणि बाकीच्यांनी वह्या काढाव्यात, असे मी पाहिले आहे. मात्र बी.एड.शिवाय केलेल्या एम.एड.मुळे माध्यमिक शाळेतील शिक्षकपदाची पात्रता येत नाही, हे प्रवेशाआधी लक्षात घ्यावे.

९. माझ्याकडे बी.एड. आणि एम.एड. दोन्ही आहेत. मी पहिली ते पाचवीला शिकवू शकते का?

नियमित नेमणुकीसाठी नाही. एनसीटीईने जून २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती अधिसूचना रद्दबातल ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र बी.एड.मध्ये शिकवले जात नाही, ते डी.एल.एड.मध्ये आहे, असा त्यामागचा विचार आहे. निकालापूर्वी रीतसर नेमलेल्या शिक्षकांना न्यायालयाने पुढे संरक्षण दिले. मोठी पदवी म्हणजे खालच्या सर्व इयत्तांचा परवाना, ही आपल्याकडची समजूत या निकालाने मोडली, आणि ते बरेच झाले.

१०. टीईटी आणि अभियोग्यता चाचणी या एकच परीक्षा आहेत का?

नाहीत. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही पहिली ते आठवीसाठीची पात्रता आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २३ खाली एनसीटीईने २३ ऑगस्ट २०१० रोजी ती लागू केली. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर दोन सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येकी १५० गुणांपैकी ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. प्रमाणपत्राची पूर्वीची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे आता ते आजीवन वैध आहे.

शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही भरतीसाठीची स्पर्धा आहे. ती २०१७ मध्ये प्रथम झाली आणि तिच्या गुणांवर राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होते. टीईटी म्हणजे दारातून आत येण्याची चिठ्ठी, तर अभियोग्यता चाचणी म्हणजे आतली रांग. एम.एड. किंवा पीएच.डी. असली तरी दोन्हींतून सूट नाही.

११. मी पंधरा वर्षे सेवेत आहे. मलाही टीईटी द्यावी लागेल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती हवी असल्यास त्यांनाही परीक्षा द्यावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.

१२. बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायचे आहे. बी.ए., बी.एड., एम.एड. एवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, आणि या उत्तराने जितके लोक निराश होतात तितके दुसऱ्या कोणत्याही उत्तराने होत नाहीत. मराठी, गणित, इतिहास अशा विषयाची अध्यापनपद्धती शिकवायची असेल तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि शिवाय एम.एड., अशा दोन्ही लागतात. शिक्षणाचे तात्त्विक किंवा समाजशास्त्रीय अधिष्ठान शिकवणाऱ्यांसाठीही विनियमांत असाच दुहेरी हिशेब आहे. मग बी.ए.नंतर लगेच बी.एड. आणि एम.एड. केलेल्या उमेदवाराला मागे वळून एम.ए. करावे लागते. त्यापेक्षा एम.ए. किंवा एम.एस्सी. आधी उरकावे.

याशिवाय यूजीसीच्या नियमांनुसार १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट (राज्य पात्रता परीक्षा) किंवा तत्सम परीक्षा ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेट शिक्षणशास्त्र विषयातून द्यावी. नुसत्या मराठी किंवा भूगोल विषयातील नेटवर अध्यापक महाविद्यालयात विसंबता येत नाही.

१३. शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश कसा मिळतो?

यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे विनियम सध्या आधारभूत आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असल्यास थेटही अर्ज करता येतो. आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, किंवा नेट यांतून प्रवेश मिळतो. जून २०२४ पासून नेटच्या निकालात ‘केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असाही गट आला. त्या गुणांवर प्रवेश होतो तेव्हा ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो; ते गुण एक वर्षच चालतात.

परीक्षेनंतर खरी कसोटी लागते ती संशोधन आराखडा मांडताना, संशोधन समितीसमोर (प्रश्न १५ पाहा). शिवाय जागा मार्गदर्शकांकडे रिकाम्या असतील तेवढ्याच : प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, एवढी कमाल मर्यादा आहे.

१४. पीएच.डी. किती वर्षांत पूर्ण करावी लागते? नोकरी करणाऱ्यांना आणि स्त्रियांना काही सवलत आहे का?

कोर्सवर्क (संशोधकांसाठीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती यांना त्यापुढे दोन वर्षे अधिक मिळू शकतात, म्हणजे कमाल दहा. स्त्रियांना संपूर्ण कालावधीत प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. दूरस्थ पीएच.डी. मान्य नाही. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असून त्यात संशोधन आणि प्रकाशन नीती हा विषय सक्तीचा आहे, आणि त्यात ५५ टक्के मिळाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही.

२०२२ पासून प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्ती राहिलेली नाही. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे फोन अजूनही येतात. ते उचलू नयेत.

१५. विषय कसा निवडू? मार्गदर्शक विषय देतात ना?

काही देतात, पण मागून घेतलेला विषय तिसऱ्या वर्षी ओझे होतो. आमच्याकडे दरवर्षी ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास’ या घाटाचे आराखडे येतात. कोणते विद्यार्थी, कोणती समस्या, कोणत्या इयत्तेत, कशाच्या तुलनेत, यांपैकी एकाचेही उत्तर त्या शीर्षकात नसते. मग प्रश्नावली तयार होते, तीनशे शिक्षक ती भरतात आणि ‘पालक लक्ष देत नाहीत’ हा, प्रवासात शेजारी बसलेल्यानेही सांगितला असता असा, निष्कर्ष निघतो.

त्याऐवजी वर्गातली एखादी लहान, हट्टी गोष्ट धरावी. एका शिक्षिकेच्या लक्षात आले की तिसरीतली मुले जोडाक्षरे वाचताना अडखळतात, पण सगळीच जोडाक्षरे त्यांना सारखी अडवत नाहीत : ‘पुस्तक’ सहज वाचणारी मुले ‘सूर्य’ आणि ‘दऱ्या’ यांतल्या रफारापाशी आणि अर्ध्या रपाशी थांबतात. तिने आधी कोणतीही पद्धत ‘विकसित’ केली नाही. प्रत्येक मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित केले आणि चुकांची वर्गवारी केली. तिथून परिकल्पना निघाली, परिकल्पनेतून चाचणी आणि चाचणीतून आराखडा. समितीने तिला जे काही विचारले, त्याचे उत्तर तिच्याकडे मुलांच्या आवाजात होते.

आपल्याकडील कित्येक प्रबंधांचा साचा असा : एक ‘अध्यापन कार्यक्रम’ तयार करायचा, तो एका तुकडीला शिकवायचा, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घ्यायची, टी मूल्य (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासण्याचा आकडा) काढायचे आणि कार्यक्रम परिणामकारक ठरला असे लिहायचे. ज्या तुकडीला महिनाभर जास्तीचे, उत्साहाने शिकवले, तिचे गुण वाढले यात शोध कसला? फरक कार्यक्रमामुळे पडला की नुसत्या वाढीव वेळेमुळे, हे सांगता येईल अशी रचना नसेल तर तो अभ्यास शिकवण्याचा अहवाल ठरतो. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण सोडवण्यासाठी केलेले कृतिसंशोधन ही मोलाची गोष्ट आहे, पण तिचा दावा त्या वर्गापुरता असतो, पीएच.डी.ला त्यापलीकडे जाणारे काहीतरी दाखवावे लागते.

निवड पक्की करण्यापूर्वी शोधगंगा या भांडारात त्या विषयावरचे प्रबंध शोधावेत. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात.

१६. मार्गदर्शक निवडताना काय पाहावे?

त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध वाचा आणि ज्यांचे काम चालू आहे अशा एखाद्याला विचारा की, मसुदा दिल्यावर तो किती दिवसांनी परत येतो? निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही तपासा. माझ्या स्वतःच्या मार्गदर्शकांनी पहिले प्रकरण आठ महिने टेबलावर ठेवले होते. वर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटले तेव्हा ते उघडले गेले असावे, असे मी समजून घेतले.

१७. माझ्याच शाळेत संशोधन करता येईल का? कोणाची परवानगी लागते?

करता येते, पण स्वतःच्या विद्यार्थ्यांवर संशोधन करताना ते ‘नाही’ म्हणू शकत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणि पालकांची संमती घ्यावी. पालकांचे पत्र मराठीत आणि एका पानाचे असावे. मुलांची नावे, पटावरील क्रमांक आणि ओळखू येतील अशी छायाचित्रे प्रबंधात येऊ नयेत, कारण तो पुढे सर्वांना वाचायला खुला होतो.

नियंत्रित गटाबद्दल एक कायमचा प्रश्न येतो : चांगली पद्धत एका तुकडीला द्यायची आणि दुसरीला नाही, हा अन्याय नाही का? प्रयोग संपल्यावर दुसऱ्या तुकडीलाही तेच शिकवावे आणि तसे आराखड्यातच लिहावे.

१८. वाङ्मयचौर्य १० टक्क्यांपर्यंत चालते ना?

ही ढिलाई यूजीसीच्या २०१८ च्या नियमांच्या चुकीच्या वाचनातून आली आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा चढत्या पायऱ्यांना चढती शिक्षा असून शेवटच्या पायरीवर नोंदणीच रद्द होते. संगणकाने दाखवलेले साम्य आणि चोरी या वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी प्रबंधाचा मराठी अनुवाद करून घातलेले प्रकरण संगणक बहुधा पकडत नाही, तरी ती चोरीच असते, आणि तोंडी परीक्षेत ‘तुम्ही हा नमुना असाच का निवडला?’ या पहिल्याच प्रश्नाला ती उघडी पडते.

१९. शिष्यवृत्ती कोणत्या मिळतात?

नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये मिळतात. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी असल्याने पगारी नोकरीसोबत घेता येत नाहीत.

२०. मी एम.फिल. केले होते. ते आता वाया गेले का?

नाही. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. या पीएच.डी.आधीच्या संशोधन पदवीचे नवे प्रवेश बंद केले. आधी मिळवलेल्या पदव्या वैध आहेत आणि ५५ टक्क्यांचे एम.फिल. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्रता म्हणून धरले जाते.

२१. बी.एड. आणि एम.ए. एकाच वेळी करता येते का? आणि पीएच.डी. सोबत एम.एड.?

यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांची मुभा दिली, परंतु ती पीएच.डी.ला लागू नाही. बी.एड.च्या बाबतीत दुसरा अभ्यासक्रम मुक्त पद्धतीचा असला तरच प्रश्न ६ आणि ७ मधील उपस्थिती सांभाळणे शक्य होते. दोन्ही नियमित ठेवून दिवसाचे तास वाढत नाहीत.

२२. संस्थेला मान्यता आहे की नाही हे कसे ओळखावे?

एनसीटीईच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि मंजूर प्रवेशक्षमता हे तिन्ही जुळले पाहिजे. बी.एड.चे एक युनिट ५० विद्यार्थ्यांचे असते. ५० मंजूर असताना वर्गात ८० जण दिसले तर उरलेल्यांचे पुढे काय होते, हे विचारून पाहावे. विशेष शिक्षणातील बी.एड.साठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता पाहावी. १९९३ च्या एनसीटीई कायद्यानुसार मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी शासकीय किंवा अनुदानित सेवेसाठी ग्राह्य धरली जात नाही, आणि विद्यार्थ्याला ते माहीत नव्हते हे कारण तिथे चालत नाही.